डाव्या कानाला दोन खाचा

मायाप्पामामांच्या डाव्या पोटरीवर कायम रंग असायचा. कुंचला पुसायला ते फडकं वापरत नसत. शिडीवर उभ्या उभ्या एक अक्षर झालं की कुंचला पोटरीवर पुसायचा आणि दुसऱ्या रंगात बुडवायचा. संध्याकाळी शिडी सायकलला आडवी बांधून ते भवानी पेठेतल्या आमच्या बोळात शिरले की आम्ही बायका त्यांची पोटरी बघून ओळखायचो, आज कुणाची पाटी रंगवली. पिवळा आणि काळा म्हणजे शाळा, निळा म्हणजे दवाखाना, आणि सगळेच रंग असले म्हणजे नक्की किराणा दुकान. त्यांची बायको, म्हणजे आमच्या हिरामामी, रॉकेलचा बोळा घेऊन दारातच उभ्या असायच्या.

“पाय हिकडं करा,” मामी म्हणायच्या. “तुमच्यापरीस भिंत बरी. ती वर्षातनं एकदाच रंगती.”

आमचं दार त्यांच्या दारासमोर. मी चौथीपर्यंत शिकले. पुढं शाळा नाही झाली. लग्न होऊन इथं आल्यापासून मी कारखान्यातून आलेल्या चादरींच्या कडा घरी मशीनवर शिवते. मला चारचौघांत बोलायला सुचत नाही. मामांना ते सोयीचं होतं. ते ओट्यावर बसून बोलायचे आणि मी दारात मशीन चालवायची. “सुमी माझ्या मेंढरासारखी हाय,” असं ते मामींना सांगायचे. “ऐकती समदं, उलटून बोलत न्हाय. तू शीक जरा.”

मामा मूळचे मंगळवेढ्याकडचे धनगर. लहानपणी त्यांनी गावातल्या देवळाच्या भिंतीवर गेरूनं मेंढरं काढली होती. भिंत रंगवायला आलेल्या सोलापूरच्या एका पेंटरनं ती पुसायच्या आधी बघितली आणि पोराला बरोबर घेऊन आला. तेव्हापासून मामा सोलापुरात पाट्या रंगवत होते. अर्ध्या पेठेतल्या दुकानांची नावं त्यांच्या हातची होती. मग फ्लेक्स आला. दुकानदार एका दिवसात मोठमोठाले फलक छापून आणायला लागले, वर स्वतःचा फोटोही. हळूहळू मामांना कोण बोलवेना. मला वाटलं हे आता खचतील. एकदा मामींनी तसं बोलून दाखवलं, तर ते म्हणाले, “बरं झालं की. लोकांची नावं लिवून लिवून हात आंबला हुता.”

घरात जुन्या पाट्यांचे पत्रे आणि उरलेले रंगाचे डबे पडले होते. त्या पत्र्यांवर ते मेंढरं काढायला लागले. फक्त मेंढरं. मागं डोंगर नाही, झाड नाही, धनगर नाही. तांबडी मुरमाड जमीन आणि तिच्यावर दहा-बारा मेंढरं, सगळी तुमच्याकडं बघत असलेली.

“थोडं गवत तरी काढा की,” मामी म्हणाल्या. “उपाशी दिसत्यात.”

“चारा दाखिवला की माना खाली घालत्यात,” मामा म्हणाले. “मग तोंड कुटं दिसणार?”

चित्र काढताना ते मधूनच जीभ टाळूला लावून टक्क टक्क आवाज काढायचे, रानात मेंढरांना हाळी देतात तसा. तो ऐकला की मेंढी मान वळवायची आणि त्यांना तिचं तोंड नीट दिसायचं, असं ते सांगत. न वळली तर कुंचला ठेवून विडी ओढायला बाहेर येत. “काळी आज ऐकंना. जाऊ दे, दुपारनं बघू.” काळी, बांडी, मोरी ही त्यांच्या लहानपणीच्या कळपातली मेंढरं होती. काळीनं त्यांच्या वडिलांना धडक मारून ओढ्यात पाडलं होतं. बांडी दुसऱ्याच्या शेतात शिरायची आणि मार मामांना बसायचा. पन्नास वर्षांपूर्वी मेलेल्या मेंढ्यांचा त्यांना अजून राग यायचा. चित्रातसुद्धा बांडीला ते कायम कडेला उभं करत. “आत घेतली की दुसऱ्यांना बिघडवती,” म्हणत.

एक पत्रा त्यांनी पलीकडच्या खानावळीला दिला होता. तिथं भिंतीवर तो टांगलेला असताना पुण्याच्या एक मॅडम जेवायला आल्या. पुण्यात त्यांची चित्रांची गॅलरी होती, हे आम्हाला नंतर कळलं. कडक भाकरी आणि शेंगाचटणी खाता खाता त्यांची नजर मेंढरांवर गेली आणि त्या भाकरी अर्धी टाकून पत्ता विचारत आमच्या बोळात आल्या. मामा पत्र्याला रंगाचा पहिला हात देत बसले होते.

“तुम्ही चित्रकला कुठं शिकलात?” मॅडमनी विचारलं.

“शिडीवर.”

“म्हणजे?”

“म्हंजे पडलो न्हाय तवर शिकत गेलो.”

मॅडम हसल्या आणि ओट्यावर बसल्या त्या दोन तास उठल्या नाहीत. सगळे पत्रे उन्हात मांडून बघितले. मग म्हणाल्या, यातली काही पुण्याला नेऊ, प्रदर्शन लावू, विकली गेली तर गॅलरीचा वाटा गॅलरीला आणि तुमचा तुम्हाला. मामांनी सगळं ऐकून घेतलं. मॅडमनी वही काढली आणि एका चित्राचं नाव विचारलं.

“चित्राचं?” मामा म्हणाले. “हितं अकरा मेंढरं हायत. एका नावात कशी बसवू?”

“मग ‘अनामिक’ लिहू का?”

“अनामिक कशापायी? नावं हायत की समद्यांना.” आणि त्यांनी अकराही नावं सांगितली. मॅडमनी ती सगळी लिहून घेतली. पुण्याला त्या चित्राखाली तशीच अकरा नावांची चिठ्ठी लागली, हे मामा पुढं सगळ्यांना सांगत.

मग मॅडमनी विचारलं, “यावर तुमची सही दिसत नाही. सही लागेल, मामा. नाहीतर उद्या कुणीही म्हणेल हे माझं चित्र आहे.”

“सही हाय की. समद्यावर हाय,” मामा म्हणाले आणि त्यांनी काळीच्या डाव्या कानावर बोट ठेवलं. कानाच्या कडेला दोन बारीक खाचा होत्या. मी इतकी वर्षं ती मेंढरं बघत होते, पण मलाही त्या कधी दिसल्या नव्हत्या. बघावं त्या मेंढीच्या डाव्या कानाला दोन खाचा.

“माझ्या बापाच्या कळपाची खूण,” मामा सांगायला लागले. “चुलत्याची उजव्या कानाला एक. रानात धा कळप एक झाले तरी कान बगून आपापलं वेगळं करायचं. आता समजा, बाजारात मेंढी इकली. घेणारा काय करतो? तिच्या पाठीवर आपला रंग लावतो. लोकर त्येची, दूध त्येचं, मेंढीबी त्येची. पर कान कोण बदलणार? ती कुणाच्या कळपातली हाय, ते मरस्तवर कान सांगतो.”

मॅडमनी वही मिटली. मग म्हणाल्या, “मामा, कायदासुद्धा हेच सांगतो. चित्र विकलं की तो पत्रा घेणाऱ्याचा होतो. त्यानं भिंतीला लावावा, नाहीतर माळ्यावर टाकावा. पण त्या चित्राची नक्कल करायचा, ते छापायचा हक्क तुमच्याकडंच राहतो. तुम्ही लिहून दिल्याशिवाय तो जात नाही. आणि चित्र तुमचं आहे हे सांगायचा हक्क तर कायमचा तुमचा.”

“ह्यात कायद्यानं नवीन काय सांगितलं?” मामा म्हणाले. “आमच्याकडं मेंढरालाबी ठावं हाय.”

तरी मॅडमनी कागद मराठीत करून पाठवला, आणि तो मी वाचून दाखवला. दोन पानं वाचायला मला अख्खी दुपार लागली. वाचून झाल्यावर मामा म्हणाले, “सुमीनं वाचला म्हंजे बराबर असणार,” आणि सही केली. त्या दिवशी जेवतानाही मला वाटत राहिलं, आपण एखादी ओळ सोडली तर नसेल.

पुण्याच्या प्रदर्शनाला ते एकटेच गेले. मामी म्हणाल्या, घरातली मेंढरं बघून कंटाळा आला, आता तिथं जाऊन कोण बघणार. परत आल्यावर मामांनी आम्हाला ओट्यावर बसवून सगळी नक्कल करून दाखवली. एक दाढीवाले गृहस्थ बराच वेळ चित्रासमोर मान वाकडी करून उभे होते. त्यांनी मामांना विचारलं, “या जखमी कानातून तुम्हाला समाजाची वेदना दाखवायची आहे ना?”

“न्हाय,” मामा म्हणाले. “चोरी हुईल म्हणून हाय ते.”

त्या गृहस्थांनी तेही वहीत लिहून घेतलं म्हणे.

मामांची एक सवय मॅडमना फार जड जायची. चित्र कुणी घेतलं की ते त्या घरी जाऊन बघून यायचे. एका डॉक्टरांनी पुण्यात चित्र घेतलं होतं. मामा शेंगाचटणीचा डबा घेऊन त्यांच्या दारात हजर. डॉक्टर बिचारे चांगले, त्यांनी आत घेतलं, चहा दिला. मामांनी बघितलं तर चित्र जिन्याच्या अंधाऱ्या वळणावर. चहा संपवला, उठले, चित्र काढलं आणि खिडकीसमोरच्या भिंतीवर होतं ते घड्याळ उतरवून तिथं लावलं. डॉक्टरांना म्हणाले, “टाइम काय, हातातल्या घड्याळात दिसतो.” डॉक्टरांनी ते तसंच ठेवलं.

आता चन्नप्पाशेठची गोष्ट. मी ज्या कारखान्याच्या चादरी शिवते तो चन्नप्पाशेठचा. लिंगायत माणूस, तोंडानं मोठा आणि मनानंही. अर्धं कानडी, अर्धं मराठी बोलतो. त्याच्या कारखान्याचं नाव पूर्वी मामांनीच रंगवलं होतं. पुण्यात मामांची चित्रं मोठे लोक घ्यायला लागले हे कळल्यावर शेठला राहवेना. गाडी काढून तो पुण्याला गेला आणि मॅडमच्या गॅलरीतून ते अकरा मेंढरांचं चित्र घेऊन आला. बरोबर बिल, प्रमाणपत्र, सगळं. आमच्या बोळापासून त्याचा कारखाना दोन गल्ल्या पुढं.

त्यानं मामांना केबिनमध्ये बोलावून चित्र दाखवलं. “येन मायाप्पा, बघ. खास पुण्यातनं आणलंय.”

“व्हय,” मामा म्हणाले. “मी बी त्येला हितनंच एष्टीत चढवलंतं.”

शेठ खो खो हसला. चांगली जागा होती, उजेड होता, म्हणून मामाही खूष होते. आठ-पंधरा दिवसांनी ते तिकडून एक चक्कर मारून यायचे. “बांडी बरी हाय,” असं येऊन मामींना सांगायचे.

साताठ महिन्यांनी कारखान्यातून माझ्याकडं शिवायला गठ्ठा आला. चादरी नव्हत्या, भिंतीवर लावायची विणलेली चित्रं होती. शेठकडं तसला माल नेहमी व्हायचा. मोर, घोडे, गणपती. मी गठ्ठा सोडला आणि वरचा नग उलगडला, तर तांबड्या जमिनीवर अकरा मेंढरं माझ्याकडं बघत होती. काळी मध्ये, बांडी कडेला. मशीनपुढं बसून मी कितीतरी वेळ नुसती बघत राहिले. विणकाम सुंदर होतं. पण कान सगळे धड होते. एकाही कानाला खाच नव्हती.

काय करावं ते मला समजेना. शेठचं काम गेलं तर दुसरं मिळायला वेळ लागतो. आणि समोर जाऊन सांगायचं म्हटलं तरी माझ्या तोंडातून शब्द निघाला नसता. मी एक नग घेतला आणि आमच्या दोघांच्या दारामधल्या दोरीवर, धुतलेल्या कपड्यांच्या शेजारी, वाळत टाकला. मग आत येऊन मशीनवर बसले. पण मशीन काही चालवलं नाही.

थोड्या वेळानं मामा बाहेर आले. मला त्यांचे पाय दिसत होते. ते दोरीपाशी थांबले आणि खूप वेळ तिथंच राहिले.

“सुमे,” ते म्हणाले, “मेंढरं वळखीची हायत. कान परके हायत.”

मी दारात आले.

“चन्नप्पाचा माल?”

मी मान हलवली. त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं. “भिऊ नगंस. तू कुटं काय बोललीस? तू आपली कापडं वाळत घातलीस.”

त्यांनी मॅडमना फोन लावला. मॅडम चिडल्या. चित्राची नक्कल करायची नाही हे बिलाच्या मागं छापलंय, नोटीस पाठवू, वकील बघू, भरपाई मागू. मामांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “नोटीस ऱ्हाऊ द्या. आदी मी कान बगून येतो.” त्या दिवशी ते जेवले नाहीत. मामी दोनदा ताट वाढून घेऊन आल्या. “पैसं मागा नायतर भांडण करा, पर जेवा,” म्हणाल्या. तेव्हा मामा एवढंच म्हणाले, “हिरे, कान न्हाय म्हंजे ती कुणाचीच न्हाईत. अशी रानात सोडू का?”

दुसऱ्या दिवशी सकाळी मला शिवलेल्या चादरी द्यायला जायचंच होतं. मामा बरोबर निघाले. मी केबिनच्या दाराशी स्टुलावर बसले. आत शेठ होता आणि ग्राफ काढणारे अंबादास मास्तर होते. विणायच्या आधी चित्र चौकटीच्या कागदावर घर घर भरून काढावं लागतं, ते काम मास्तरांचं. तेलुगू माणूस, बारीक चणीचा, खिशात कायम चार-पाच पेन्सिली. भिंतीवर मूळ चित्र होतं.

मामांनी विणलेला नग टेबलावर पसरला. शेठला वाटलं ते कौतुक करायला आले.

“बघितलास?” शेठ म्हणाला. “हॉटेलची ऑर्डर आहे. प्रत्येक खोलीत एक. चाळीस नग. तुझी मेंढरं आता एसीत राहणार.”

“मला इचारलं न्हाईस.”

“अय्यो, विचारायचं काय? पैसे मोजून घेतलंय चित्र. तुझ्याच भाषेत सांगतो. मेंढी मी विकत घेतली. तिला चाळीस पिल्लं झाली. ती कुणाची? माझीच की.”

मामा खुर्चीत नीट बसले.

“पिल्लं तुझीच,” ते म्हणाले. “पर शेठ, पिल्लू आईसारखं दिसतं, आईच हुतं का? ह्यो बग. हीच काळी, हीच बांडी, हीच मोरी. चाळीस येळा तीच. मी तुला एकदा इकली आन तू चाळीसदा नेलीस. ह्येला गावात काय म्हणत्यात?”

शेठ स्वतःच हसायला लागला. “चोरी म्हणतात,” तो म्हणाला. “तू लई वांड आहेस, मायाप्पा.”

“बिलाच्या मागं काय लिवलंय ते वाच म्हणं.”

शेठनं कपाटातून बिल काढलं, चष्मा लावला आणि मागची बाजू वाचली. वाचून झाल्यावर चष्मा काढून टेबलावर ठेवला. “हे कोण वाचतं?” असं हळूच म्हणाला.

“सुमी वाचती,” मामा म्हणाले. मला जमिनीत शिरावंसं वाटलं.

“बरं, चूक झाली. बोल, किती द्यायचं?”

“त्ये मॅडमशी बोल. माझं येगळं हाय. माझे कान कुटं गेले?”

शेठला काहीच कळेना. तो चित्राकडं बघायला लागला. तेव्हा अंबादास मास्तर पुढं झाले.

“अण्णा, ते मी केलो,” ते म्हणाले. “तुमच्या मेंढ्यांचे कान फाटलेले होते. मला वाटला पत्रा उडाला असेल, रंग गेला असेल. तसाच विणलो तर लोक म्हणतील मास्तरला ग्राफ येत नाही. तीन दिवस बसून एकेक कान मी सरळ केला. चांगलंच केलो की.”

“मास्तर, कान फाटलेला न्हाय. ती माझी सही हाय.”

मास्तर भिंतीवरच्या चित्राजवळ गेले. खिशातून भिंग काढून एकेक कान बघितला. परत आले तेव्हा त्यांचं तोंड उतरलं होतं.

“मी तुमचं नाव पुसलो,” ते म्हणाले.

“चुकून पुसलंत. आन इणलंय बाकी झ्याक. काळीचा डोळा माझ्यापरीस बरा आलाय.”

मास्तर खाली बसले. मग ते विणलेल्या नगाकडं बघत म्हणाले, “अण्णा, मी जन्मभर मोर काढतो. किती मोर गेले, कुठं कुठं गेले. सगळे मोर धड कानाचेच म्हणायचे. माझं एकावर पण काही नाही.”

मामा शेठकडं वळले. “ऐकलंस का?”

“आता याचं काय?” शेठ म्हणाला.

“मालाला चिठ्ठी शिवतोस न्हवं, कारखान्याच्या नावाची? तिच्यावर मास्तरचं नाव घाल. चित्र कुणाचं, ग्राफ कुणाचा. मोराला कान नसतात, त्येनं काय करावं?”

“अय्यो, सगळ्यांची यादी लिहू का लेबलवर? उद्या ही वहिनी म्हणेल शिवणारीचं पण घाला.”

“घाल की.”

मी जोरजोरात मान हलवून नको म्हटलं. तिघंही माझ्याकडं बघून हसले, आणि केबिनमधली हवा जरा सैल झाली.

पण खरी अडचण तशीच होती. पुढच्या मालाचा ग्राफ मास्तर दुरुस्त करणार होते. मॅडमशी बोलून नव्यानं लिखापढी करायलाही शेठ कबूल झाला. विणून तयार असलेल्या चाळीस नगांचं काय? आठ दिवसांत माल हॉटेलला जायचा होता. शेठ म्हणाला, या खेपेला जाऊ दे. मास्तर म्हणाले, उसवून होत नाही. मामा टेबलावरच्या मेंढरांकडं बघत होते, आणि मला आदल्या दिवशीचं न खाल्लेलं ताट आठवत होतं.

“मी शिवते,” मी म्हणाले.

माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. “जमिनीच्या रंगाचा दोरा असला तर कानाच्या कडेवर बारीक टाके घालून खाच दिसंल.”

मास्तर लगेच उठले आणि मागून तांबड्या दोऱ्याची रिळं घेऊन आले. त्यांनी जमिनीशी लावून तीन रंग बघितले आणि एक रीळ माझ्या हातात दिलं.

मामांनी मला खाचा कशा ते समोर बसून दाखवलं असतं, पण दुसऱ्याच दिवशी त्यांचं डोळ्याचं ऑपरेशन ठरलेलं होतं. मोतीबिंदू. मामींनी तारीख पुढं ढकलू दिली नाही. “मेंढरं थांबत्यात, डोळा थांबत न्हाय,” म्हणाल्या. मी घरी पहिला नग घेऊन बसले आणि एकेका मेंढीच्या डाव्या कानाला दोन-दोन खाचा घातल्या. मशीनवर नीट येईना, म्हणून हातानं.

पुढचं सगळं चांगलं झालं. माल वेळेत गेला. आता शेठच्या मालाला शिवायच्या चिठ्ठीवर अंबादास मास्तरांचं नाव असतं आणि मेंढरांचा माल असला तर मामांचंही. मास्तरांनी पहिली चिठ्ठी पाकिटात घालून ठेवली आहे. मामा मात्र ऑपरेशननंतर आराम म्हणून मंगळवेढ्याकडं मुलाच्या घरी गेले, तिथंच त्यांना बरं वाटायला लागलं आणि ते तिकडंच राहिले. पुढच्या उन्हाळ्यात ते गेल्याचं कळलं. त्यामुळं गावी निघायच्या आदल्या दिवशीची ती दुपार, हीच आमची शेवटची भेट.

मी पहिला नग घेऊन त्यांच्याकडं गेले. मामा ओट्यावर भिंतीला टेकून बसले होते. एका डोळ्यावर पट्टी आणि दुसरा मामींच्या धाकानं मिटलेला.

“काय बगायचं न्हाय,” मामी आतून म्हणाल्या. “डाक्टरनं सांगितलंय.”

“मी कुटं बगतोय?” मामा म्हणाले. “आण सुमे, मांडीवर पसर.”

मी नग त्यांच्या मांडीवर पसरला. त्यांनी अंगठा कडेपासून फिरवायला सुरुवात केली. विणीत मेंढीच्या अंगाची कड हाताला लागते. अंगठा चढत चढत कानापाशी जायचा, माझ्या टाक्यांवर थांबायचा आणि ते पुटपुटायचे. “ही बांडी. आलीस का बये, कडंलाच हायस. मोरी. ही कानडी.” काळीच्या कानावर त्यांनी जरा जास्त वेळ घेतला. दहा झाली. अकराव्याला अंगठा थांबला, मागं आला, पुन्हा कानावर गेला.

“सुमे, ह्येचा कान का कापलास?”

“सगळ्यांचेच घातले, मामा.”

“आगं, हे काळीचं कोकरू हाय. दोन महिन्याचं. अजून दूध पितंय.” ते हसायला लागले. “एवढ्या ल्हान जीवाचा कान कोण कापतं का? पत्र्यावर बघ जाऊन, त्येला मी खाच घातलीच न्हाय. ते आईच्या मागं उभं हाय की. तेवढं पुरं झालं त्येला.”

मी तिथंच पायरीवर बसले. मामींनी आतून कात्री आणून दिली. मी त्या एका कानाचे टाके एकेक करून काढले आणि दोऱ्याचे तुकडे पदरात घेतले. मी नग परत त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून अंगठा फिरवला, दहा कानांवर खाच लागली, आणि अकराव्या कानाच्या गुळगुळीत कडेवरून त्यांनी दोनदा बोट नेलं.

मग त्यांनी जीभ टाळूला लावून टक्क टक्क केलं आणि घराकडं तोंड करून म्हणाले, “आली समदी. हिरे, दार लाव.”